उघाडीला रखवालदार नसतो

रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "बारावीला लॅक ऑपेरॉन शिकलो. त्यात साखर आलीय हे ओळखणारं एक प्रथिन असतं आणि ते जनुक चालू-बंद करतं. आता सेमिनारला 'रायबोस्विच' विषय मिळालाय. त्यात प्रथिन नाहीच, आरएनएच लहान रेणू ओळखतो म्हणे. चार अक्षरांच्या दोऱ्याला हे कसं जमतं? कुलूप-किल्लीसारखं समजू का? आणि हाताशी प्रथिनं असताना पेशीला याची गरज काय?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची वाट तिथूनच जाते. कुलूप-किल्ली डोक्यातून काढून टाका. कुलूप आधीच तयार होऊन दाराला लटकलेलं असतं, किल्ली सावकाश आली तरी बिघडत नाही. रायबोस्विचमध्ये कुलूप घडत असतानाच किल्ली यावी लागते. दोन-चार सेकंद उशीर झाला तर ते कुलूप मोडून त्याचं दुसरंच काही झालेलं असतं. मी पंचवीसेक वर्षं आरएनएवर काम करते आहे आणि ही गोष्ट अंगी मुरायला त्यातलं एक अख्खं वर्ष गेलं. ती फजिती पुढे सांगते.

कुलपाऐवजी उघाडी डोळ्यांपुढे आणा. माझं आजोळ कुंडलिकेच्या खाडीवर, रेवदंड्याच्या अलीकडे. बांधाच्या आत खारातली भातशेती, बाहेर खाडी. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी, म्हणजे वरच्या कडेला टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून निघून जातं. भरती चढली की खाडीचं पाणीच बाहेरून रेटा देतं आणि झडप घट्ट बसते. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, रात्री भरती आली तर दार लावायला कोण जातं? ते म्हणाले, "ज्याला अडवायचा, तोच लावतो."

लॅक ऑपेरॉनमध्ये रखवालदार आहे. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेला तो रिप्रेसर. त्याच्यासाठी वेगळं जनुक, त्याचा वेगळा संदेश, तो वाचायला रायबोसोम, मग शेकडो अमिनो आम्लांचं प्रथिन, आणि ते प्रथिन बदली होईपर्यंत पोसायचं. रायबोस्विचमध्ये जनुकाचा संदेशच, म्हणजे संदेशवाहक आरएनएचं सुरुवातीचं टोक, स्वतः झडप असतो. ज्या पदार्थाचं उत्पादन आवरायचं, तोच पदार्थ येऊन तिला लावतो. ब-१२ बनवणाऱ्या किंवा आत घेणाऱ्या जनुकापुढची झडप ब-१२ लावतं, लायसिनच्या जनुकापुढची लायसिन.

आता चार अक्षरांचा दोरा. हा शब्दच दिशाभूल करतो, आणि दोष तुमचा नाही, पाठ्यपुस्तकातल्या चित्रांचा आहे. तिथे संदेशवाहक आरएनए इस्त्री केलेल्या पट्टीसारखा सरळ काढतात. खऱ्या आरएनएला सरळ राहवत नाही. डीएनएला जोडीदार दोरा असतो, त्यामुळे तो शहाण्यासारखा जिन्याच्या आकारात बसतो. आरएनए एकटा असतो, म्हणून स्वतःच्याच अंगावर दुमडतो. जिथे जी-सी, ए-यू (ग्वानिन-सायटोसिन, ॲडेनिन-युरॅसिल) जुळतात तिथे केसांच्या आकड्यासारख्या घड्या पडतात, जिथे जुळत नाहीत तिथे फुगवटे आणि वळणं राहतात. तीन-चार आकडे एका ठिकाणी भेटले की मधे एक खोबण तयार होते. मॅग्नेशियमचे धनभारित आयन त्या ऋणभारित सांगाड्याला आवळून धरतात. अशा खोबणीत लहान रेणू बसू शकतो हे निसर्गात सापडायच्या आधी परीक्षानळीत सिद्ध झालं होतं. १९९० मध्ये क्रेग टर्क आणि लॅरी गोल्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी, आरएनएच्या अफाट गर्दीतून हव्या त्या रेणूला धरणारे तुकडे निवडून काढले. एलिंग्टन-शोस्टाकनी अशा तुकड्यांना ॲप्टामर म्हटलं. रायबोस्विचचा ओळखणारा अर्धा भाग म्हणजे निसर्गाने घडवलेला ॲप्टामर. उरलेला अर्धा भाग ती ओळख जनुकापर्यंत पोचवतो.

एकच ॲप्टामर नीट बघू, दहा वरवर बघण्यापेक्षा ते बरं. बॅसिलस सटिलिस या मातीतल्या जीवाणूत एक्सपीटी नावाचं जनुक आहे, ग्वानिनसारख्या प्युरिनांच्या व्यवहारातलं. त्याच्या पुढ्यातला ग्वानिन ओळखणारा आरएनए २००३ मध्ये येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या प्रयोगशाळेत महितोष मंडल आणि सहकाऱ्यांनी दाखवला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट बेटी यांच्या गटाने त्याच्या स्फटिकाची रचना काढली. रचना अशी: तीन आकडे, त्यांतल्या दोघांची टोकं एकमेकांत गुंतलेली, शेकहँड केल्यासारखी. तिसरा आकडा पायाशी, त्याला पी-१ म्हणतात. तिघं भेटतात तिथल्या खोबणीत ग्वानिन. ७४ व्या जागी एक सायटोसिन आहे आणि त्याने ग्वानिनला धरलंय, अगदी डीएनएत जी आणि सी धरतात तसं. ५१ व्या जागेचं युरॅसिल दुसऱ्या बाजूने टेकू देतं. म्हणजे ओळखायची युक्ती नवी नाहीच. जी अक्षरजोडी आरएनएला जन्मजात येते, तीच त्याने पाहुण्यासाठी वापरली.

याचा पुरावा मला फार आवडतो. ७४ वं अक्षर सायटोसिनऐवजी युरॅसिल केलं की तोच आरएनए ग्वानिन सोडून ॲडेनिन धरायला लागतो. एक अक्षर. आणि निसर्गात ॲडेनिनचे जे रायबोस्विच सापडले, त्यांत त्या जागी खरोखरच युरॅसिल बसलेलं आहे.

पण त्याच रचनेत आणखी एक गोष्ट आहे, जी घाईत नजरेतून सुटते. ग्वानिन त्या खोबणीत चारही बाजूंनी, वरून-खालून झाकलं गेलंय. आत शिरायला फटच नाही. मग ते आत गेलं कसं? उत्तर उघड आहे: ते आलं तेव्हा खोबण पूर्ण झालेली नव्हती. घरातला माणूस आत असतानाच भिंत बांधून झाली. ओळखणं आणि घडी पडणं या दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत, आणि म्हणूनच मी कुलपावर एवढी घसरले.

आता झडप लागते कशी ते. पी-१ या पायाच्या आकड्याचा उजवा धागा दुहेरी निष्ठेचा आहे. ग्वानिन असेल तर तो पी-१ मध्येच बांधलेला राहतो. ग्वानिन नसेल तर मागून येणारी अक्षरं त्याला ओढून घेतात आणि त्यांचा वेगळा आकडा बनतो. त्याला मी वर्गात "थांबामोड" म्हणते. थांबामोड बनला तर त्याच्या पुढचा "थांबा" बनू शकत नाही, कारण थांब्याला लागणारी अक्षरं थांबामोडने खाल्लेली असतात. थांबा म्हणजे एक पक्का आकडा आणि त्यामागे युरॅसिलांची रांग. हे दोन्ही एकापाठोपाठ आले की लिहिणारं यंत्र, आरएनए पॉलिमरेज, डीएनएवरून सुटून पडतं आणि जनुक वाचायचं राहून जातं. सरळ करून सांगायचं तर: ग्वानिन आहे, पी-१ टिकला, थांबामोड बनला नाही, थांबा बनला, जनुक बंद. ग्वानिन नाही, तर उलट. कागदावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी काढा, पाच मिनिटांत डोक्यात बसेल. मी पाटावर रांगोळीने काढून दाखवलंय.

हे सगळं आरएनए लिहून होत असतानाच घडतं, आणि माझी फजिती इथलीच.

संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एफएमएनच्या रायबोस्विचवर होते. एफएमएन म्हणजे ब-२ पासून बनणारा पिवळा सहविकर, विकरांना लागणारा मदतनीस रेणू. आरएनए त्याला किती घट्ट धरतो हे मी मोजलं. पद्धत साधी आणि हुशार आहे. आरएनए मुळात ठिसूळ. त्यातली साखर स्वतःच्याच शेजारच्या सांध्यावर हल्ला करून तो तोडते. जिथे दोरा सैल असतो तिथे हे जास्त होतं, जिथे घट्ट बांधलेला असतो तिथे जवळजवळ होत नाही. एका टोकाला किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला आरएनए, भरपूर मॅग्नेशियम, थोडा अल्कधर्मी बफर, २५ अंशांवर साधारण ४० तास नुसता ठेवायचा आणि मग जेलवर चालवायचा, तिथे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. शिडीसारखे पट्टे दिसतात. शेजारशेजारच्या नळ्यांत एफएमएन वाढवत नेलं की ठरावीक पायऱ्या फिक्या होत जातात, कारण तिथला सैल दोरा आता आवळला गेलाय. कुठली पायरी किती संहतीला अर्धी फिकी झाली यावरून बंधनाची ताकद कळते. मे महिन्यात खोली तेहतीस-चौतीसवर असायची, म्हणून मी नळ्या पीसीआरच्या यंत्रात २५ वर लावून ठेवायचे. वीज गेली की रडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. (आरएनए तुटू नये म्हणून जन्मभर हातमोजे घालणारी माणसं इथे तो तुटायची वाट बघत बसतात, याची गंमत मला अजून वाटते.)

आकडा सुंदर आला: काही नॅनोमोलर. जीवाणूच्या एका पेशीत १ नॅनोमोलर म्हणजे ढोबळमानाने एक रेणू, तेव्हा ही विलक्षण घट्ट पकड. मग मी खरा प्रयोग लावला. डीएनए, पॉलिमरेज, न्यूक्लिओटाइडं, आणि दहापट सुरक्षित म्हणून ५० नॅनोमोलर एफएमएन. थांब्यावर सगळं थांबायला हवं होतं. काही थांबलं नाही. लांब आरएनए धडाधड बाहेर. मी पॉलिमरेज बदललं. एफएमएन उजेडाने खराब होतं म्हणून तीन बाटल्या बदलल्या, नळ्यांना काळा कागद गुंडाळला. महिने गेले. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी माझी वही चाळली आणि एवढंच म्हणाले, "न्यूक्लिओटाइडं कमी टाकून बघ." कच्चा माल कमी पडला की पॉलिमरेज रेंगाळतं. टाकली कमी. त्याच ५० नॅनोमोलरला थांबणं दिसायला लागलं.

हिशेब शाळकरी आहे, मी तो केला नव्हता इतकंच. एफएमएन या आरएनएला चिकटण्याचा वेग साधारण असा, की १० नॅनोमोलरमध्ये एका आरएनएला एक एफएमएन भेटायला सरासरी १००० सेकंद लागतात, म्हणजे सतरा मिनिटं. जीवाणूचं पॉलिमरेज सेकंदाला ढोबळमानाने ४०-५० अक्षरं लिहितं. ॲप्टामर बाहेर पडल्यापासून थांबामोडची अक्षरं बाहेर पडेपर्यंत हातात काही सेकंदच. ४० तासांत जे तोलून-मापून होतं, ते काही सेकंदांत होणार कसं? त्या मुदतीत एफएमएन भेटायला हवं असेल तर त्याची संहती शेकडो नॅनोमोलर किंवा त्याहून जास्त लागते. म्हणजे असा स्विच कुठल्या संहतीला उलटतो हे पकड किती घट्ट यावर ठरत नाही, पाहुणा किती लवकर येतो आणि लिहिणारा किती वेगाने पुढे जातो यावर ठरतं. पॉलिमरेज वाटेत ठरावीक ठिकाणी थबकतं, आणि अशा विरामाच्या जागा एफएमएनच्या स्विचमध्ये ॲप्टामर संपल्यावर सापडतात. त्यामुळे मुदत थोडी वाढते. ब्रेकर आणि क्रोदर्स यांच्या गटांनी २००५ मध्ये हे सगळं मोजून छापलेलं होतं. मी तो पेपर वाचलेला होता. वाचणं आणि कळणं यांत माझं वर्ष गेलं.

उघाडीची उपमा इथे तुटते, तेही सांगून टाकते. उघाडी रोज दोनदा उघडते-मिटते. थांब्याच्या जातीचा रायबोस्विच प्रत्येक आरएनएसाठी बहुधा एकदाच निर्णय घेतो. थांबामोड बनून पॉलिमरेज पुढे गेलं की मागून कितीही ग्वानिन आलं तरी गाडी सुटलेली. पेशी नियंत्रण करते ते टक्केवारीने: शंभर आरएनए लिहायला घेतले, त्यांतले ऐंशी थांब्यावर पडले, वीस पुढे गेले.

दुसऱ्या जातीचे स्विच जास्त उघाडीसारखे आहेत, आणि त्यातला एक आपल्या किनाऱ्यावरचा. ओहोटीला खडकांवरून कालवं काढणाऱ्या बायका तुम्ही बघितल्याच असतील. कोमट, निमखाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जीवाणू अशा शिंपल्यांत साठतो, कारण कालव दिवसभर पाणी गाळत बसतं. आपण कालवं शिजवून खातो म्हणून फारशी चिंता नाही. कच्ची खाणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी मात्र जपावं, आणि पायाला उघडी जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नये. तर या जीवाणूत ॲडेनिनचा एक स्विच आहे, ॲडेनिनच्या जातीच्या पदार्थांचं विघटन करणाऱ्या जनुकापुढे. इथे लिखाण थांबत नाही. रायबोसोमला बसायची जागाच घडीत लपलेली असते. ॲडेनिन आलं की घडी बदलते, जागा उघडी पडते, प्रथिन बनायला लागतं. ॲडेनिन गेलं तर पुन्हा झाकली जाऊ शकते. आणि हा स्विच बंद करणारा नाही, चालू करणारा आहे. ते स्वाभाविकच, ज्याची विल्हेवाट लावायची तो माल आल्याशिवाय कामगार कशाला बोलवायचे?

या जीवाणूपुढे एक खास अडचण आहे. तो कधी थंड समुद्रात, कधी ३७ अंशांच्या माणसाच्या रक्तात. थंडीत सगळी बंधनं आपोआप घट्ट होतात, उष्णतेत सैल. मग तोच स्विच दोन्हीकडे बरोबर कसा चालावा? फ्रँकफर्टच्या हाराल्ड श्वाल्बे यांच्या गटाने २०१३ मध्ये याचं उत्तर काढलं. ॲडेनिन नसताना हा आरएनए एका नाही, दोन घड्यांत असतो. एक ॲडेनिन घेऊ शकते, दुसरी घेऊच शकत नाही. थंडीत दुसरीचं प्रमाण वाढतं. म्हणजे बंधन घट्ट झालं तितकेच उमेदवार कमी झाले, आणि हिशेब जागच्या जागी राहिला. साधारण १० पासून ३७ अंशांपर्यंत तो तोल सांभाळतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पेपर खाली ठेवून चहा करून आले.

भात खाणाऱ्यांनी थायामिनचा, म्हणजे ब-१ चा, स्विच तरी माहीत करून घ्यायलाच हवा. तो सगळ्यांत दूरवर पसरलेला आहे: जीवाणू, आर्किया, बुरशी आणि वनस्पती. तुमच्या शेतातल्या भाताच्या रोपातसुद्धा. थायामिनचं पेशीतलं कामाचं रूप टीपीपी. त्याला दोन टोकं: एकीकडे पिरिमिडिनचं कडं, दुसरीकडे दोन फॉस्फेट. आरएनए त्याला कुर्लीच्या दोन नांग्यांसारखा दोन बाजूंनी धरतो. एक नांगी कड्याला, दुसरी फॉस्फेटांना. आता फॉस्फेट ऋणभारित आणि आरएनएही ऋणभारित, मग जमतं कसं? मधे मॅग्नेशियमचे आयन मध्यस्थ बसवलेले असतात. या पकडीत एक गाफीलपणा आहे: रेणूचा मधला भाग, गंधक असलेलं कडं, कुणीच तपासत नाही. पायरिथायामिन नावाच्या बनावट रेणूत नेमकं तेच कडं बदललेलं असतं. पेशी त्याला फॉस्फेट लावते, स्विच त्यालाच टीपीपी समजतो, थायामिनचं उत्पादन बंद करतो आणि जीव उपाशी मरतो. यातून वाचणाऱ्या उत्परिवर्तितांत बिघाड स्विचमध्येच सापडतो.

भाताच्या रोपात झडपेची जागा वेगळी. थायसी या जनुकाच्या शेवटच्या टोकाला हा ॲप्टामर असतो. टीपीपी कमी असेल तर तो कापाकापीची एक खूण झाकून धरतो, संदेश आखूड आणि टिकाऊ राहतो. टीपीपी वाढलं की खूण उघडी पडते, संदेश वेगळ्या तऱ्हेने कापला जातो, लांब आणि अल्पायुषी होतो. जीवाणू दार लावतो. वनस्पती चिठ्ठी लिहू देते, पण लवकर फाटेल अशा कागदावर. आपल्यात मात्र हे काहीच नाही, कारण माणूस थायामिन बनवत नाही, खातो. म्हणून तर पूर्वी पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी व्हायचा, ज्यावर डच डॉक्टर आयकमन यांनी जावात कोंबड्यांवर काम केलं आणि १९२९ चं नोबेल मिळवलं. आपल्या उकड्या तांदळाची थोरवी इथे आहे. साळ सालीसकट उकडली की कोंड्याजवळचं थायामिन पाण्याबरोबर दाण्यात शिरतं आणि भरडल्यावर बरंचसं आत राहतं. पेजेत तर वेळलेलं पाणीही वाया जात नाही. सेमिनारमध्ये हे सांगू नका, विषयांतर म्हणून गुण कापतील.

तर गरज काय, हा तुमचा तिसरा प्रश्न. लोकांनाही तो पडला नव्हता, कारण रखवालदार असणारच असं सगळे धरून चालले होते. ई. कोलायमध्ये ब-१२ वाढलं की ते आत आणणारं जनुक मिटतं हे माहीत होतं, मिटवणारं प्रथिन काही सापडेना. ग्रंडी आणि हेन्किन यांना १९९८ मध्ये मेथिओनिनशी संबंधित अनेक जनुकांपुढे एकच आरएनए घडी पुन्हा पुन्हा दिसली. गेलफांद यांच्या गटाला १९९९ मध्ये ब-२ च्या जनुकांपुढे तसंच दिसलं. २००२ मध्ये ब्रेकर यांच्या आणि एव्हगेनी नुडलर यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की प्रथिन सापडत नाही कारण ते नाहीच. आज ५५ हून अधिक प्रकार माहीत आहेत.

स्वस्त पडतं, हे एक कारण. वेगळं जनुक, वेगळं प्रथिन काही नको, शंभरेक जास्तीची अक्षरं पुरतात. निर्णय लगेच होतो, कारण तो लिखाणाच्या जागीच होतो. आणि थायामिन, एफएमएन, ब-१२, सॅम (मेथिओनिनपासून बनणारा, मिथाइल गट पुरवणारा रेणू) असे पाहुणे बघितले तर बहुतेक जुनेपुराणे सहविकर आहेत, काही तर अर्धे न्यूक्लिओटाइडच. त्यावरून काही जण म्हणतात की हे प्रथिनांच्या आधीच्या, आरएनएच्या जगातले अवशेष. शक्य आहे. पण मला यात उत्साह जरा जास्त वाटतो. टीपीपीचा पसारा पाहता तो फार जुना असेल हे पटतं. प्रत्येक स्विच तसा असेलच असं नाही.

उलट काही पाहुणे बघून वाटतं की आरएनएला अशक्य असं फार कमी आहे. २०१२ मध्ये फ्लोराइड ओळखणारा स्विच सापडला. फ्लोराइड हा एवढासा ऋण आयन, आरएनए स्वतः ऋण, दोघांचं जमायलाच नको. रचना काढली तर तीन मॅग्नेशियम आयन फ्लोराइडभोवती कोंडाळं करून बसलेले आणि त्यांना आरएनएच्या फॉस्फेटांनी बाहेरून धरलेलं. सॅमचा स्विच एका मिथाइल गटाचा आणि गंधकावरच्या धनभाराचा फरक ओळखतो. मिथाइल देऊन झाल्यावर उरणाऱ्या, तो भार नसलेल्या एसएएचला तो साधारण शंभरपट कमी विचारतो. ग्लुकोजअमाइन-६-फॉस्फेटचा ग्लम्एस तर झडपही लावत नाही, तो पाहुणा हाताशी घेऊन स्वतःचा दोराच कापतो.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण परीक्षक विचारतील. २०१५ मध्ये मर्क या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रायबोसिल नावाचा रेणू दाखवला. तो एफएमएनसारखा दिसत नाही, तरी त्याच खोबणीत बसतो आणि जीवाणूचं ब-२ बंद पाडतो. आपल्या पेशींत ही झडप नसल्याने कल्पना देखणी आहे. अडचण अशी की झडपेचं एखादं अक्षर बदललं तरी जीवाणू सुटतो, आणि शरीरातून आयतं ब-२ मिळालं तर त्याला बनवायची गरजच नाही. रुग्णाच्या हातात अशी गोळी अजून आलेली नाही. मी त्यावर पैज लावणार नाही.

सेमिनारसाठी एक काम सांगते, कॉलेजात किरणोत्सारी फॉस्फरस कुणी देणार नाही म्हणून. आरफॅम या मोफत संग्रहात आरएफ००१६७ हे प्युरिन स्विचचं कुटुंब आहे. त्यातून बॅसिलस सटिलिसच्या एक्सपीटीचा क्रम घ्या आणि जीनोममधून त्याच्या पुढची शंभरेक अक्षरं जोडा. व्हिएन्ना विद्यापीठाच्या आरएनएफोल्ड या संकेतस्थळावर तो टाकला की घडी काढून मिळते. पूर्ण लांबी टाकलीत तर प्रोग्राम सगळ्यांत स्थिर घडी दाखवेल, म्हणजे नुसता निकाल, आणि त्याला ग्वानिन किंवा गुंतलेली टोकंही कळत नाहीत. म्हणून क्रम ॲप्टामर संपतो तिथे कापा, मग पाच-पाच अक्षरं वाढवत प्रत्येक वेळी घडी काढा, पॉलिमरेज लिहितं तशी. कुठल्या लांबीला पी-१ मोडून थांबामोड उभा राहतो ते टिपा. ॲप्टामरच्या शेवटापासून तिथपर्यंतची अक्षरं मोजून त्यांना ४५ ने भागा. जो आकडा येईल तेवढे सेकंद ग्वानिनच्या हातात होते, विराम सोडून. सगळं मोबाइलवरही चालतं, वीज गेली तरी.